कॉफी : पेय कीं अन्न ?

एखादें पेय एका देशांतून दुसऱ्या देशांत गेलें म्हणजे त्याचे गुणदोष तेवढे त्याच्याबरोबर जातात असें नाहीं. ज्या देशांत तें जाऊन राहतें त्या देशाच्या चिंताहि त्यांत हळूहळू मिसळूं लागतात. कॉफीचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. पंधराव्या शतकांत येमेनमधील सूफी साधकांनीं हें पेय जवळ केलें, तें रात्रीच्या नामस्मरणांत झोंप येऊं नये म्हणून. त्यापासून शरीराचें पोषण व्हावें अशी त्यांची अपेक्षा नव्हती. जागें ठेवणें एवढेंच त्याचें काम, आणि तें काम तें चोख करीत असे. पुढील पांच शतकांत मात्र जगानें या पेयावर दुसरेंहि एक काम लादण्याचा वारंवार प्रयत्न केलेला आहे : त्यानें माणसाला जागवावें, आणि पोसावेंहि. दूध, अंडें, चीज आणि अलीकडे डब्यांतून मिळणारी प्रथिनांची पूड हे सर्व या एकाच प्रयत्नाचे टप्पे होत. २०२० नंतरच्या कांहीं वर्षांत इंग्रजी बोलणाऱ्या जगांत प्रथिनयुक्त कॉफीला 'प्रॉफी' असें नांव मिळालें, आणि २०२५ सालीं स्टारबक्स या कंपनीनें अमेरिकेंतील आपल्या दुकानांतून तशीं पेयें विकण्यास आरंभ केला. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतहि, सकाळीं कॉफींत चमचाभर पूड ढवळून तेवढ्यावर न्याहारी उरकणारा तरुण आतां दुर्मिळ राहिलेला नाहीं. त्याची आई त्याला विचारते, "अरे, एवढ्यानें पोट भरतें का?" प्रश्न साधा दिसतो, परंतु याच प्रश्नाभोंवतीं युरोपांतील व हिंदुस्थानांतील वैद्य, रसायनशास्त्रज्ञ व व्यापारी गेलीं कित्येक शतकें फिरत आले आहेत.

कॉफींत पौष्टिक द्रव्य घालावें कीं नाहीं या वादांतील सर्वांत जुना उपलब्ध अभिप्राय प्रतिकूल आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दाऊद अल्-अंताकी हा सोळाव्या शतकांतील प्रसिद्ध अरबी वैद्य १५९९ सालीं वारला. कॉफीविषयीं त्यानें जें लिहून ठेविलें, त्याचें इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्ड येथें १६५९ सालीं एडवर्ड पोकॉक याच्या हातून प्रसिद्ध झालें. त्यांत असें सांगितलें आहे कीं, कांहीं लोक कॉफी दुधांतून घेतात, पण ती चूक आहे. त्यानें महारोग होण्याचें भय असतें. विरुद्ध गुणांचे पदार्थ एकत्र करूं नयेत, हा जो विचार आपल्या आयुर्वेदांतहि विरुद्धाहार या नांवानें आढळतो, त्याच जातीचा हा विचार होय. महारोगाचें कारण दूध-कॉफी नव्हे हें आज शाळेंतील मुलालाहि ठाऊक आहे. तथापि या इशाऱ्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अरबी जगांतच, कॉफींत दूध घालणारे लोक होते. नाहीं तर वैद्याला निषेध करण्याचें कारणच पडलें नसतें.

युरोपांत पाऊल पडतांच या निषेधाचें विधानांत रूपांतर झालें. १६६० च्या सुमारास चीनला गेलेल्या डच वकिलातींतील योहान न्यूहॉफ यानें, तेथील दूध घातलेल्या चहाच्या अनुकरणानें, कॉफींत दूध घालून पाहिलें असें सांगतात. त्यानंतर १६८५ च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोबल शहरच्या मोनिन नांवाच्या वैद्यानें दूध-कॉफी औषध म्हणून रोग्यांना देण्यास सुरुवात केली. नुसती कॉफी शरीराला रुक्ष करते, दूध तिचा तो दोष शमवितें, अशी त्या काळची समजूत होती. पत्रलेखनासाठीं प्रसिद्ध असलेल्या मादाम द सेव्हिन्ये या विदुषीनें १६९० सालच्या आपल्या पत्रांतून दूध व साखर घातलेल्या कॉफीची स्तुति केली आहे. औषधाच्या निमित्तानें घरांत शिरलेली ही वस्तु थोड्याच काळांत न्याहारीच्या मेजावर येऊन बसली. वैद्याच्या सल्ल्यानें आलेली वस्तु वैद्याला न विचारतां राहते, हा नियम आपल्याहि घरांना अपरिचित नाहीं.

परंतु कॉफी न्याहारीच्या जागीं आली म्हणजे त्या जागेवरून कोण उठलें, हेंहि पाहिलें पाहिजे. जर्मन प्रांतांत तत्पूर्वीं सकाळीं बीअरचें सूप घेण्याचा प्रघात होता. बीअर गरम करून, तींत अंडें व लोणी घालून, ती पावाच्या तुकड्यांवर ओतीत. हा पदार्थ सोवळ्या माणसाला रुचणारा नसला तरी पोटाला आधार देणारा खास होता. प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानें १७७७ सालीं कॉफीविरुद्ध जें जाहीर केलें, त्यांत आपलें स्वतःचें बालपण बीअरच्या सुपावर गेलें याचा त्यानें अभिमानानें उल्लेख केला होता, आणि कॉफीवर वाढलेले शिपाई लढाईंत टिकतील काय, अशी शंका व्यक्त केली होती. राजाचा खरा रोष परदेशीं जाणाऱ्या पैशावर होता, हें इतिहासकार सांगतात तें बरोबरच आहे. तथापि त्याच्या स्वार्थी तक्रारींत एक सत्य दडलेलें होतें. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील गरीब विणकरांच्या घरीं बटाटे आणि चिकोरीमिश्रित पातळ कॉफी हाच दिवसांतून अनेकदां आहार झाला. गरम पेयानें भूक तात्पुरती निजते, हाताला काम करण्याची हुशारी येते, आणि शरीर मात्र आंतून झिजत राहतें. कॉफी अन्नाची जागा घेते पण अन्नाचें काम करीत नाहीं, हा तिच्यावरील सर्वांत गंभीर आरोप. आणि तींत पौष्टिक द्रव्य मिसळण्याच्या सर्व खटपटी म्हणजे या आरोपाला दिलेलीं उत्तरें होत.

हें पौष्टिक द्रव्य म्हणजे नेमकें काय, याचा शोध त्याच एकोणिसाव्या शतकांत लागला. १८३८ सालीं मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञानें अंडें, रक्त, दूध इत्यादिकांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांचें पृथक्करण करून त्यांच्या मुळाशीं एकच पदार्थ असावा असें अनुमान केलें. स्वीडनमधील बर्झीलियस या विख्यात शास्त्रज्ञानें त्याला सुचविलेलें 'प्रोटीन' हें नांव अग्रस्थानीं असलेलें अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेलें आहे. आपल्या 'प्रथिन' शब्दांतहि 'प्रथम' चा ध्वनि ऐकूं येतो. मुल्डरचें अनुमान पुढें टिकलें नाहीं, पण नांव टिकलें, आणि नांवांतील मोठेपणाहि टिकला. ज्या वस्तूचें नांवच 'पहिली', तिच्यावांचून दुसऱ्या क्रमांकाच्या वस्तु निरर्थक, असें लोकांना वाटूं लागल्यास नवल नाहीं.

या समजुतीला शास्त्राचें पाठबळ दिलें तें जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिग यानें. स्नायूंनीं काम केलें कीं त्यांतील प्रथिन जळतें, म्हणून कष्ट करणाऱ्यानें भरपूर प्रथिन खाल्लेंच पाहिजे, असा सिद्धांत त्यानें १८४२ सालीं मांडला. या सिद्धांताची परीक्षा मोठ्या मौजेच्या रीतीनें झाली. १८६५ च्या ऑगस्टमध्यें फिक व विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक प्रथिन जवळजवळ वर्ज्य करून, केवळ पिष्ट, साखर व चरबी यांवर राहून, स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नांवाचें शिखर चढले आणि त्या काळांत आपल्या लघवींतून किती नायट्रोजन बाहेर पडला तें त्यांनीं मोजलें. शरीरांत जळलेल्या प्रथिनापासून मिळालेली शक्ति तेवढी चढण चढण्यास मुळींच पुरेशी नव्हती, हें इंग्लंडच्या फ्रँकलंडनें पुढें केलेल्या मापनांवरून स्पष्ट झालें. स्नायूंचें इंधन मुख्यतः पिष्ट व स्निग्ध पदार्थ हेंच होय. प्रथिन हें घर बांधण्याचें व दुरुस्तीचें सामान, चुलींत घालावयाचें सरपण नव्हे. गंमत अशी कीं, लीबिगच्या नांवानें जगभर विकला गेलेला मांसाचा अर्क ज्या पौष्टिकपणाबद्दल प्रसिद्ध होता, तें प्रथिन त्यांत जवळजवळ नव्हतेंच. सिद्धांत खोटा ठरला, अर्क पोकळ निघाला, तरी दोहोंचाहि खप चालूच राहिला.

याच काळांतील दुसरें एक प्रकरण आजच्या वाचकाला विशेष उपयोगी आहे. पॅरिसमधील इस्पितळांतून व अन्नछत्रांतून गरिबांना हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचें सूप देण्याची योजना दार्से नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें पुरस्कारिली होती. हाडें स्वस्त, सूप घट्ट, आणि पृथक्करण केलें तर त्यांत नायट्रोजन भरपूर. मग आणखी काय हवें? परंतु रोगी तें सूप पाहून तोंड फिरवीत. अखेर माझांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील समितीनें कुत्र्यांवर प्रयोग करून १८४१ सालीं निर्णय दिला कीं, केवळ जिलेटिनवर प्राणी जगूं शकत नाहीं. कारण पुढें विसाव्या शतकांत कळलें. प्रथिनें ज्या अमिनो आम्लांचीं बनलेलीं असतात त्यांपैकीं कांहीं शरीराला स्वतः करतां येत नाहींत, आणि त्यांतील ट्रिप्टोफॅन हें एक जिलेटिनमध्यें नसतेंच. आज कॉफींत टाकण्यासाठीं 'कोलॅजेन' या नांवानें जी चवहीन, सहज विरघळणारी पूड विकली जाते ती याच जिलेटिनची सख्खी बहीण आहे. तिचे अन्य कांहीं उपयोग असोत वा नसोत, दुधाची किंवा डाळीची जागा तिला घेतां येणार नाहीं, हें पॅरिसच्या कुत्र्यांनीं पावणेदोनशें वर्षांपूर्वींच सिद्ध केलें आहे.

पेयांत प्रथिनाची पूड मिसळण्याची कल्पना आपल्या पिढीचीच, असें कोणास वाटत असेल तर तोहि समज सोडावा लागेल. १८९८ च्या सुमारास जर्मनींत दुधांतील केसीनपासून केलेलें सॅनॅटोजेन नांवाचें चूर्ण बाजारांत आलें. पाठोपाठ प्लाझ्मॉन हें दुसरें दुग्धप्रथिनाचें चूर्ण निघालें, आणि तें कोकोंत, बिस्किटांत व इतर पदार्थांत मिसळून विकलें जाऊं लागलें. मार्क ट्वेन या सुप्रसिद्ध अमेरिकन लेखकानें प्लाझ्मॉनच्या धंद्यांत पैसा गुंतविला आणि तो बराचसा गमावला. बलोपासक सँडो याच्या शिफारशीचाहि जाहिरातींत उपयोग झाला. हाच सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानांत येऊन आपले प्रयोग दाखवून गेला, आणि त्यानंतर आपल्याकडेहि तालमींबरोबर 'सँडोची कसरत' हा शब्दप्रयोग घरोघरीं झाला. पिळदार शरीराचें चित्र, शास्त्राचा हवाला आणि डब्यांतील पांढरी पूड ही त्रयी सव्वाशें वर्षांपूर्वीं जशी होती तशीच आज आहे; बदललें आहे तें फक्त चित्र छापण्याचें साधन.

जाहिरातीपासून दूर, केवळ गरजेपोटीं घडलेलीं उदाहरणेंहि आहेत, आणि तीं अधिक हृद्य आहेत. १९४६ सालीं व्हिएतनाममधील हनोई शहरांत दुधाचा दुष्काळ पडला असतां, तेथील मेट्रोपोल हॉटेलांत काम करणाऱ्या न्गुएन व्हान ज्यांग या गृहस्थानें अंड्याचा बलक साखरेबरोबर फेंसून कॉफीवर घातला. दुधाची उणीव भरून काढण्यासाठीं निघालेली ही अंडा-कॉफी आज त्या शहराचें भूषण होऊन बसली आहे. स्वीडन व फिनलंडच्या उत्तरेकडील थंड प्रदेशांत कॉफींत चीजचे तुकडे घालून, तें मऊ झाल्यावर चमच्यानें खाण्याची रीत आहे. तेथें कॉफी व न्याहारी एकाच पेल्यांत नांदतात. उलट अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांत कॉफीच्या भुकटींत अंडें कालवून ती उकळण्याची जी चाल आहे, तिचा हेतु अगदीं वेगळा. उष्णतेनें अंड्यांतील प्रथिन गोठतें, तें कॉफीच्या गाळाला व तुरट द्रव्यांना कवटाळून तळाशीं बसतें, आणि वर सोन्यासारखी निवळ, कमी कडवट कॉफी राहते. मग अंडें गाळाबरोबर फेंकून देतात. एकाच पेल्यांत घातलेलें तेंच प्रथिन एके ठिकाणीं अन्न होतें, दुसऱ्या ठिकाणीं केवळ तुरटीचें काम करतें. काय घातलें यापेक्षां काय पोटांत गेलें, याचा विचार अधिक महत्त्वाचा, हें या उदाहरणावरून सहज कळतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. माणसाला दररोज किती प्रथिन हवें याविषयीं शास्त्रज्ञांचें मत घड्याळाच्या लंबकासारखें हेलकावे घेत आलें आहे. जर्मनीच्या फॉइटनें कष्टकरी पुरुषाला रोज ११८ ग्रॅम प्रथिन हवें असें ठरविलें होतें. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या चिटेंडननें स्वतःवर, शिपायांवर व खेळाडूंवर प्रयोग करून १९०४ सालीं त्याच्या निम्म्यानेंहि भागतें असें दाखविलें. लगेच १९१२ सालीं कलकत्त्याच्या मॅके यानें आपल्या ग्रंथांत त्याचा प्रतिवाद केला. बंगाली माणसाच्या दुबळेपणाचें आणि शीख-रजपुतांच्या बळाचें कारण त्यानें त्यांच्या आहारांतील प्रथिनांच्या प्रमाणांत शोधलें. या प्रतिपादनांत राज्यकर्त्या जातीचा अहंकारहि मिसळलेला होता, हें सांगणें नको. पुढें कुन्नूर येथील संशोधन-मंदिरांत मॅक्कॅरिसन यानें निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना घालून त्यांची वाढ ताडून पाहिली. शीख आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, मद्रासी आहारावरील सर्वांत कृश, आणि मराठी आहारावरील उंदीर वरच्या पंक्तींत, असा त्या प्रयोगाचा निष्कर्ष होता. मॅक्कॅरिसननें मात्र याचें श्रेय एकट्या प्रथिनाला दिलें नाहीं. न कांडलेलें धान्य, दूध, डाळ, भाजी, फळें या सर्वांच्या मेळाला दिलें. ही त्याची दृष्टि मॅकेपेक्षां व्यापक होती.

स्वातंत्र्यानंतर हा वाद साऱ्या जगाचा झाला, आणि त्यांत एका मराठी माणसाचा वांटा मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अहवालांत जगावर प्रथिनांचें संकट कोसळत असल्याचा इशारा देण्यांत आला होता. गरीब देशांतील मुलांसाठीं प्रथिनपूर्ण चूर्णें तयार करण्याच्या योजना तेव्हां पुष्कळ आंखल्या गेल्या. अशा वेळीं सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले आणि जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे दीर्घकाल प्रमुख असलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९७० च्या सुमारास भारतीय आहारांचे आंकडे पुढें ठेवून दाखविलें कीं, येथील बहुसंख्य गरिबांच्या जेवणांतील प्रथिनांचें प्रमाण वाईट नाहीं. मुळांत जेवणच अपुरें आहे. ज्याला पुरेशी भाकरी मिळते त्याला डाळ-भाकरींतून बहुधा पुरेसें प्रथिनहि मिळतें. ज्याला भाकरीच मिळत नाहीं त्याला दिलेलें प्रथिन शरीर इंधन म्हणून जाळून टाकतें. हैदराबाद येथें डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी मुलांवरील संशोधनांतून याच निष्कर्षाला आले होते. १९७४ सालीं मॅक्लारेन या शास्त्रज्ञानें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रथिनांच्या या सर्व प्रकरणाला फजितीचें नांव दिलें. फाउलहॉर्नच्या शिखरावर सांपडलेलें सत्य शंभर वर्षांनीं भुकेल्या मुलांच्या बाबतींत पुन्हां शोधावें लागलें, आणि दरम्यान चूर्णांवर पैसा खर्च होऊन गेला.

तरीहि लंबक तेथें थांबला नाहीं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं प्रौढाच्या गरजेचा सुरक्षित अंक १९७३ सालीं शरीराच्या प्रत्येक किलोमागें ०.५७ ग्रॅम इतका, उत्तम प्रतीच्या प्रथिनाच्या हिशेबानें, ठरविला होता. तो १९८५ सालीं ०.७५ वर आणि २००७ सालीं ०.८३ वर गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींतहि ०.८३ हाच अंक आहे, आणि मुख्यतः तृणधान्यांवर जगणाऱ्यांनीं त्याहून कांहींसें अधिक घ्यावें असें मत आहे. वृद्धांना एक ग्रॅम किंवा थोडें अधिक हवें, असें अनेक तज्ज्ञ आतां सांगतात. कारण वयपरत्वें स्नायूंची झीज वाढते व अन्नापासून नवे स्नायु घडविण्याची शरीराची शक्ति मंदावते. तेव्हां प्रथिनांची चिंता सर्वस्वीं जाहिरातदारांनीं निर्माण केलेली आहे असें म्हणणेंहि अन्यायाचें होईल.

आज जी पूड कॉफींत पडते तिची कुळकथा याहून निराळी आहे. दूध फाडलें म्हणजे चोथा वेगळा होऊन जें हिरवट पाणी राहतें, तें आपल्या घरांत कणीक मळण्यास किंवा आमटींत घालण्यास वापरतात. पाश्चात्य देशांत चीजचे प्रचंड कारखाने निघाल्यावर या पाण्याचें काय करावें हा प्रश्न पडला. कारण दहा लिटर दुधापासून किलोभर चीज निघालें तर सुमारें नऊ लिटर पाणी उरतें. तें डुकरांना पाजीत, शेतांत सोडीत, नद्यांत ओतीत. आणि नद्या नासूं लागल्या तेव्हां कायदे झाले. १९७० नंतर अतिसूक्ष्म गाळण्यांच्या साहाय्यानें त्यांतील प्रथिन वेगळें काढण्याची कला साधली, आणि कालचा सांडपाण्याचा प्रश्न आजची सोन्याची खाण झाला. यांत निंद्य असें कांहीं नाहीं. उलट टाकाऊ वस्तूचा असा सदुपयोग स्तुत्यच आहे, आणि हें प्रथिन गुणानेंहि उत्कृष्ट असून सर्व आवश्यक अमिनो आम्लें त्यांत आहेत. मात्र डब्यावरील किंमत वाचतांना तिचें मूळ गृहिणीच्या कणकेच्या परातींत आहे, एवढें स्मरण असावें.

पेल्यांत नेमकें काय होतें तेंहि पाहूं. दुधांतील केसीन हें आंबटपणा वाढला कीं साकळतें. कॉफी स्वभावतः किंचित् आम्ल, म्हणून शिळें होत आलेलें दूध कडक कॉफींत पडतांच फाटतें. पनीरच्या पाण्यांतील प्रथिनाला आम्लाचें तितकें भय नाहीं, पण उष्णतेचें आहे. सुमारें सत्तर अंशांच्या पुढें त्याची घडी मोडूं लागते आणि उकळत्या कॉफींत पूड टाकली तर गुठळ्या होतात. म्हणून ती आधीं थोड्या गार दुधांत किंवा पाण्यांत कालवून मग कॉफी सावकाश ओतणें बरें. उष्णतेनें प्रथिनाचें पोषण नष्ट होतें ही समजूत मात्र खरी नव्हे. शिजविलेलें अंडें कच्च्या अंड्याइतकेंच, किंबहुना पचनास अधिक अनुकूल असतें. खरा तोटा दुसरीकडे आहे. कॉफींतील तुरट द्रव्यें वनस्पतिजन्य अन्नांतील लोहाच्या शोषणास अडथळा करतात. आपल्या स्त्रियांत पांडुरोगाचें प्रमाण किती आहे हें सर्वश्रुत आहे. तेव्हां प्रथिन घातलें म्हणून कॉफी जेवणाबरोबर घेण्यास योग्य झाली, असें मानणें धोक्याचें. कॉफीबरोबर येणारें कॅफीनहि मोजलेंच पाहिजे : निरोगी प्रौढाला दिवसाकाठीं ४०० मिलिग्रॅमपर्यंत तें सोसतें, गर्भिणीला २०० च्या पलीकडे घेऊं नये असें सांगतात. मूत्रपिंडाच्या विकारानें ग्रस्त असलेल्या माणसानें तर वैद्याच्या अनुमतीवांचून अशा चूर्णाला हातहि लावूं नये. ज्यांना दूध सोसत नाहीं त्यांना साध्या प्रतीच्या पुडींतील दुग्धशर्करेनें पोटफुगी होते, हेंहि लक्षांत ठेवावें.

एकदां जमाखर्च मांडून पाहूं. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारें ५० ग्रॅम प्रथिन हवें. एका पेल्यांत शंभर मिलिलिटर गाईचें दूध असेल तर त्यांतून सुमारें ३.२ ग्रॅम, म्हशीचें असेल तर थोडें अधिक मिळतें. एका अंड्यांत ६ ग्रॅम, तीस ग्रॅम तुरीच्या डाळींत साडेसहा ग्रॅम. पुडीच्या एका मापांत २० ते २५ ग्रॅम. आंकड्यांनीं पुडीचा विजय झाला यांत संशय नाहीं. सोय म्हणून तिला तोड नाहीं. पण डाळीबरोबर तंतुमय द्रव्य, लोह आणि भाताची संगत येते. दुधाबरोबर कॅल्शियम येतें. पुडीबरोबर बहुधा कृत्रिम गोडी व सुवास तेवढा येतो. ज्यानें दुपारीं वरण-भात, उसळ, ताक घेतलें आहे त्याच्या बाबतींत सकाळचें माप फारसें कांहीं साधत नाहीं. ज्याची सकाळ नुसत्या काळ्या कॉफीवर जाते, त्याला मात्र त्यापासून निश्चित लाभ आहे.

आणि येथेंच या विषयांतील खरी कळीची गोष्ट येते. इतिहासांतील प्रत्येक उदाहरणांत एक प्रश्न विचारला कीं बरेंच उलगडतें : पौष्टिक द्रव्य कोणाच्या पेल्यांत पडलें, आणि गरज कोणाला होती? सँडोच्या काळीं प्लाझ्मॉन घेणारा इंग्रज मध्यमवर्गीय गृहस्थ आधींच मांसाहारी होता. विणकराच्या बायकोच्या पातळ कॉफींत मात्र कोणीं कांहीं घातलें नाहीं. आपल्या घरांतहि वेगळें काय आहे? महागडा डबा येतो तो व्यायामशाळेंत जाणाऱ्या मुलासाठीं, जो दोन अंडीं व दूध घेतच असतो. त्याच घरांत सर्वांचें झाल्यावर उरलेल्या आमटी-भातावर बसणारी आई असते. आणि दांत गेल्यामुळें चहा-कॉफी व दोन बिस्किटें यांवर दिवस काढणारी आजी असते. डाळ तिला चावत नाहीं, भाकरी गिळवत नाहीं, भूक मंद झालेली असते. गरम, गोड, ओळखीचें पेय तेवढें ती आनंदानें घेते. प्रथिन घातलेल्या कॉफीचा शास्त्रशुद्ध उपयोग कोणाला असेल तर तो तिला आहे, आणि तिच्या पेल्यांत घालण्याचें बहुधा कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

तिच्यासाठीं डबाच हवा असेंहि नाहीं. मराठी घरांतील कॉफी ही मुळांतच दक्षिणेकडील फिल्टर-कॉफीपेक्षां निराळी : दुधांत उकळलेली, जायफळ किंवा वेलदोड्यानें सुवासिक केलेली, पाहुण्यासाठीं, आजाऱ्यासाठीं किंवा उपासाच्या दिवशीं मुद्दाम केलेली. तींत पाणी थोडें आणि दूध फार असे. महागाईनें व घाईनें हें प्रमाण उलटलें. दूध रंगापुरतें राहिलें. त्या पेल्यांत दूध पूर्ववत् वाढविलें, चमचाभर दुधाची भुकटी मिसळली, किंवा परवडत असेल व वैद्य हरकत घेत नसेल तर पुडीचें अर्धें माप घातलें, तरी ग्रनोबलच्या वैद्यानें रोग्यांसाठीं जें केलें तेंच आपण घरच्या माणसासाठीं केलें असें होईल.

सारांश, कॉफी हें पेय आहे; तिला अन्नाचें वाहन करतां येतें, अन्न करतां येत नाहीं. वाहनांत काय भरलें, तें कोणाच्या दारीं पोंचलें, आणि त्याच्यामुळें घरांतील चूल थंड तर राहिली नाहीं ना, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे लाभहानीचा निर्णय करण्यास फार मोठ्या शास्त्राची गरज पडत नाहीं. तरुणाला त्याच्या आईनें विचारलेला प्रश्न योग्यच आहे. मात्र त्या तरुणानेंहि तो एकदां आईला परत विचारावा, आणि उत्तर ऐकून घेऊन मगच डब्याचें झांकण उघडावें.